शिंपल्यापासून कळीच्या चुन्यापर्यंत : घन पदार्थाच्या विघटनाचा वेग मोजायला शिकताना

पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मी क्रुसिबल (भट्टीत तापवायची छोटी मूस) काठोकाठ भरली होती. आत कालवांच्या शिंपल्यांची वीसेक ग्रॅम पूड आणि वर झाकण. मफल फर्नेस, म्हणजे विजेची बंद भट्टी, आधी ७५० अंशांवर, मग ८०० वर, मग ८५० वर. तीन दिवस वजनं केली, आलेख काढले, रेषा बसवली, आणि सक्रियण ऊर्जेचा (अभिक्रिया सुरू व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) जो आकडा आला तो कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. दोष फर्नेसचा असेल म्हणून मी तापमान मोजणारं थर्मोकपल बदलायला निघालो होतो. तेवढ्यात प्रयोगशाळेतले आमचे मदतनीस काका क्रुसिबलमध्ये डोकावले आणि म्हणाले, "एवढा दाबून भरलात तर वारो खयसून जातलो, सर? चुनो भाजूचो तर भट्टीक वारो होयो."

त्यांचे आजोबा खाडीकाठी शिंपल्यांच्या भट्ट्या लावत. एक थर जळणाचा, एक थर शिंपल्यांचा, मध्ये वाऱ्याला वाट. त्या माणसाला सक्रियण ऊर्जा माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण शिंपल्यातून जे बाहेर पडतं त्याला जायला जागा लागते, एवढं पक्कं ठाऊक होतं. माझ्या तीन दिवसांच्या आकड्यांमधून नेमकी तीच गोष्ट निसटली होती. मी विघटनाचा वेग मोजलाच नव्हता. ढिगातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला किती वेळ लागतो, ते मोजत बसलो होतो.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या छोट्या कॉलेजांमध्ये एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून हा विषय घेणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. महागडं यंत्र हाताशी नसलं तरी अडत नाही. ग्रॅमचे तीन दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे एक मिलिग्रॅमपर्यंत, वजन दाखवणारा काटा, तापमान धरून ठेवणारा ओव्हन, एक मफल फर्नेस, डेसिकेटर (ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेलं घट्ट झाकणाचं भांडं) आणि सुटं थर्मोकपल एवढ्यावर काम सुरू होतं.

आधी, मोजायचं काय?

द्रावणातल्या अभिक्रियेत आपण संहती, म्हणजे ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे ते, मोजतो. घन पदार्थात संहती कशाची घेणार? कणाच्या पोटातला रेणू आणि कडेवरचा रेणू यांची परिस्थिती एक नसते. विघटन बहुधा पृष्ठभागावर, कडांना किंवा भेगांमध्ये सुरू होतं आणि तिथून आत सरकतं. म्हणून इथे संहतीऐवजी रूपांतराचा अंश घेतात, त्याला अल्फा म्हणतात. आतापर्यंत घटलेलं वजन भागिले पूर्ण विघटनानंतर घटणारं वजन, म्हणजे अल्फा. सुरुवातीला तो शून्य असतो आणि काम संपलं की एक होतो.

वजनावरून वेग मोजायचा तर विघटनात वायू सुटलाच पाहिजे. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तापवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून त्याचं वजन ३६.९ टक्के घटतं. कॅल्शियम कार्बोनेट ४४ टक्के गमावतो. मोरचुदाच्या पाच रेणू पाण्याचे ३६.१ टक्के होतात, पण ते पाणी एकदम जात नाही. आधी दोन, मग दोन आणि शेवटी एक असं जातं. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचा जिना तर यंत्र तपासायला जगभर वापरतात : आधी पाणी १२.३ टक्के, मग कार्बन मोनॉक्साइड १९.२ टक्के, शेवटी कार्बन डायऑक्साइड ३०.१ टक्के. मोनॉक्साइड विषारी आहे, त्यामुळे ऑक्झलेट फ्यूम हूडशिवाय तापवू नका. अमोनियम नायट्रेट, परक्लोरेट असल्या स्फोटाचा धोका असलेल्या पदार्थांकडे या प्रकल्पात वळायचंच नाही, गाइडनं सुचवलं तरी.

वेग आणि तापमान यांचं नातं अऱ्हेनियसनं १८८९ मध्ये मांडलं, तेच आपण वापरतो. वेगस्थिरांकाचा नैसर्गिक लॉग घेतला आणि तो केल्विन तापमानाच्या व्यस्तासमोर मांडला, की सरळ रेषा मिळते. ती खाली उतरते; चिन्ह सोडून तिच्या चढाला ८.३१४ नं, म्हणजे वायू स्थिरांकानं, गुणलं की सक्रियण ऊर्जा येते. पण हे समीकरण उभं राहिलं ते द्रावणातल्या अभिक्रियांवर. घन पदार्थाला ते लावताना त्या ऊर्जेचा अर्थ तितका स्वच्छ राहत नाही. वितळणबिंदूसारखा पदार्थाच्या नावापुढे कायमचा लिहून ठेवावा असा हा आकडा नव्हे. कुठल्या कणांवर, किती थरात आणि कुठल्या हवेत मोजला हे शेजारी लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याचा कुणाला उपयोग नाही.

सोड्यावर हात बसवा

शिंपल्यांकडे लगेच धावू नका. ८०० अंशांची भट्टी, लाल झालेली क्रुसिबल आणि नवखा हात, हे तिन्ही एकत्र नको. सोड्याचं विघटन शंभर अंशांच्या पुढे मोजता येण्याइतकं वेगवान होतं, म्हणजे साध्या ओव्हनमध्ये चार तापमानं सहज घेता येतात : ११०, १२०, १३० आणि १४०.

सोडा किराणा दुकानातला चालतो, फक्त बेकिंग पावडर आणू नका. तिच्यात स्टार्च आणि आम्ल असतं, आकडे भलतेच येतात. दुसरी चूक जवळपास प्रत्येक जण करतो : नमुना "वाळवून घ्यावा" म्हणून तो ओव्हनमध्ये ठेवतो. सोडा वाळत नाही, तिथेच मोडायला लागतो. त्याला रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवा, तेवढं पुरे.

तापमानासाठी ओव्हनच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. थर्मोकपलचं टोक नमुन्याला जवळजवळ टेकेल असं बसवा आणि तो जे दाखवेल ते लिहा. पाच अंशांची चूक किरकोळ वाटते. पण सक्रियण ऊर्जा १०० किलोजूलच्या आसपास असेल तर १२० अंशांपाशी पाच अंशांनी वेग जवळपास दीडपट होतो, आणि दहा अंशांनी दुपटीहून थोडा जास्त.

आता एक घरगुती युक्ती. ओव्हनमध्ये बिडाचा जाड तवा ठेवा आणि ओव्हन चालू करून तासभर तापू द्या. बशा त्या तव्यावर ठेवायच्या. दार उघडलं की ओव्हनची हवा थंड होते, तवा होत नाही. बशीही लवकर तापते. मी आधी जाळीवर बशा ठेवायचो. तेव्हा पहिल्या पाच मिनिटांचे आकडे दर वेळी वेगळे यायचे. तवा आणल्यावर ते बरेच ताळ्यावर आले.

काचेच्या चपट्या, एकसारख्या आठ बशा घ्या. प्रत्येकीत एक ग्रॅम सोडा पातळ पसरा आणि प्रत्येकीचं रिकामं आणि भरलेलं वजन वहीत लिहा. आठही बशा एकदम तव्यावर ठेवा आणि ठरवलेल्या वेळी एकेक काढा. एकच बशी आत-बाहेर करत बसलात तर ती दर वेळी थंड होते, पुन्हा तापते, आणि त्या वेळेचा हिशेब कुणालाच लागत नाही. काढलेली बशी झाकून थेट डेसिकेटरमध्ये ठेवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच काट्यावर चढवा. गरम वस्तूभोवती हवेचा प्रवाह वर उठतो आणि ती खऱ्याहून हलकी भरते. तिचं वजन घटलेलं दिसतं आणि आपल्याला वाटतं, विघटन छान चाललंय.

शेवटी एक बशी २०० अंशांवर, वजन बदलायचं थांबेपर्यंत ठेवा. घट ३६.९ टक्क्यांच्या आसपास आली तर पुढे चला. कमी आली तर तुमचा सोडा पुडीतच अर्धवट कार्बोनेट झालेला होता. जास्त आली तर तो ओला होता. आमच्याकडे जुलैमध्ये दुसरीच शक्यता धरून चालावं.

ऊर्जा काढण्याची सर्वांत सोपी रीत

नवखी मुलं इथे मोठी समीकरणं शोधायला लागतात. ती बाजूला ठेवा. प्रत्येक तापमानाला अल्फा आणि वेळ यांचा आलेख काढा आणि त्यावरून अल्फा ०.५ व्हायला किती मिनिटं लागली ते वाचा. त्या मिनिटांचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर आणि केल्विन तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर मांडा. चढाला ८.३१४ नं गुणा, ऊर्जा जूल प्रति मोलमध्ये मिळाली. यात विघटन कुठल्या यंत्रणेनं चाललंय याचा एकही अंदाज बांधावा लागत नाही. म्हणूनच ही रीत मला आवडते.

उदाहरण म्हणून मीच घडवलेले आकडे घ्या. गणित सुटावं म्हणून ते मुद्दाम गुळगुळीत ठेवले आहेत, तुमचे असे येणार नाहीत. निम्मं विघटन व्हायला ११० अंशांवर १३३ मिनिटं, १२० वर ६०, १३० वर २८, १४० वर १३.५. दोन टोकांच्या लॉगांत फरक २.२९ चा. केल्विनच्या व्यस्तांत फरक ०.०००१९. भागाकार सुमारे १२,०६० येतो. त्याला ८.३१४ नं गुणलं की सुमारे १०० किलोजूल प्रति मोल. सोड्यासाठी छापून आलेले बरेच आकडे याच्या आसपासचे आहेत.

हेच गणित अल्फा ०.२ आणि ०.८ साठीही करा. तिन्ही ठिकाणी ऊर्जा जवळपास सारखी आली तर एकच प्रक्रिया शेवटपर्यंत चालली असं मानायला हरकत नाही. वाढत किंवा घटत गेली तर आत एकापेक्षा जास्त गोष्टी चालू आहेत, आणि सरासरी काढून ते लपवू नका.

१४० अंशांच्या बिंदूकडे जरा संशयानं बघा. बशी तापायला तीन-चार मिनिटं जातात. निम्म्या विघटनाला दोन तास लागत असतील तर ती खपून जातात, साडेतेरा मिनिटांत मात्र नाहीत. तो वेळ खोटा वाढतो, रेषेचं ते टोक वर उचललं जातं, चढ कमी होतो आणि ऊर्जा कमी निघते. शंका आली तर १४० सोडून १०५ घ्या.

आता शिंपले

कालवं घ्या, तिसऱ्या (खाडीतल्या छोट्या शिंपल्या) नको, निदान पहिल्या वेळी तरी. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, पण कालवाचा शिंपला मुख्यतः कॅल्साइटचा असतो आणि तिसऱ्यांचा मुख्यतः ॲरागोनाइटचा. ही त्याच पदार्थाची दोन स्फटिकरूपं. ॲरागोनाइट तापवताना विघटनाच्या बराच आधी कॅल्साइटमध्ये बदलतो. त्यात वजन बदलत नाही, पण कणांना तडे जातात आणि पुढचा वेग बदलतो. दोन्हींची तुलना हा चांगला प्रकल्प होईल, पण दुसऱ्या वर्षी.

शिंपले उकळा, ब्रशनं घासा, मग पिण्याच्या पाण्यानं आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं चार-पाच वेळा धुवा. खाडीचं मीठ राहिलं तर ते ८०१ अंशांना वितळतं, म्हणजे तुमच्या प्रयोगाच्या ऐन मध्यावर, आणि त्यापुढे हळूहळू उडूनही जातं. खलबत्त्यात कुटा, दोन चाळण्यांमधून काढा आणि मधल्या मापाचेच कण ठेवा. बारीक भुकटी आणि जाड कण एकत्र घेतले तर बारीक आधी संपतात, जाड मागे रेंगाळतात, आणि आलेखाला एक शेपूट येतं. त्या शेपटाला मुलं हमखास "दुसरी पायरी" म्हणतात.

शिंपल्यात थोडं प्रथिनही असतं. ते जळताना केस जळल्यासारखा वास येतो. म्हणून पूड आधी ५०० अंशांवर तासभर ठेवा, थंड करा आणि तिथून पुढचं वजन हे सुरुवातीचं वजन धरा. आता कुणी विचारेल की ५०० वर कार्बोनेट मोडणार नाही का. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ४२० च्या आसपास आहे, आणि कार्बोनेटमधून येणाऱ्या वायूचा समतोल दाब एवढा व्हायला साधारण ५३५ अंश लागतात. त्याच्या खाली कार्बोनेट तग धरतं. हाच समतोल दाब एक वातावरण व्हायला ९०० च्या जरासं अलीकडे जावं लागतं. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढची सगळी गडबड या दोन्हींमध्येच होते.

कारण उघड आहे. ७५० अंशांवर मोकळ्या हवेत पातळ पसरलेली पूड आरामात मोडते. तीच पूड ढीग करून झाकणाखाली ठेवली तर सुटलेला वायू तिथेच कोंडतो, दाब समतोलाकडे चढतो आणि विघटन थांबल्यासारखं होतं. शिवाय ही अभिक्रिया उष्णता शोषते. मोलमागे सुमारे १७८ किलोजूल, म्हणजे ग्रॅममागे जवळपास पावणेदोन किलोजूल. ढिगाच्या पोटातली पूड थर्मोकपल दाखवतो त्याहून थंड असते. तुम्ही ८०० लिहिता, आत बरंच कमी असतं.

फर्नेसमध्ये काम करताना लांब चिमटा, चष्मा आणि जाड हातमोजे लागतातच. बाहेर येतो तो कळीचा चुना. डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते, आणि घामट हाताला लागला तरी भाजतं.

दुप्पट करून बघा

हा टप्पा प्रकल्पाच्या अहवालात एका ओळीत येतो, पण मी याला आठवडा देतो.

एकाच तापमानाला, समजा ७५० ला, रुंद उथळ क्रुसिबलमध्ये अर्धा ग्रॅम पूड घ्या आणि अल्फाचा आलेख काढा. मग तेच एक ग्रॅमनं करा, मग दोन ग्रॅमनं. विघटनाचा खराखुरा वेग मोजत असाल तर तिन्ही आलेख एकमेकांवर बसले पाहिजेत, कारण अल्फा हे गुणोत्तर आहे. किती घेतलं याची त्याला पर्वा नसावी. आलेख उजवीकडे सरकत गेले तर तुम्ही उष्णता आत जाण्याचा किंवा वायू बाहेर येण्याचा वेळ मोजता आहात. मग नमुना कमी करत जा, थर पातळ करत जा, सरकणं थांबेपर्यंत. कुठेतरी ते थांबतं. त्या वजनावर पुढचं सगळं काम करायचं.

थांबलंच नाही तर? साध्या फर्नेसमध्ये असं होतंच. अशा वेळी मी मुलांना सांगतो, अहवालात सरळ लिहा की ही ऊर्जा अमुक जाडीच्या थराची, स्थिर हवेतली, दिसणारी ऊर्जा आहे. परीक्षक रागावत नाहीत. रागावतात ते "ऊर्जा १८७.४३" अशा दोन दशांशांवर.

कॅल्साइटसाठी कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात, लहान नमुन्यावर, १७० ते २०० किलोजूल प्रति मोलच्या दरम्यानचे आकडे वारंवार छापून आले आहेत, म्हणजे अभिक्रियेच्या उष्णतेच्या जवळपासच. कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात मात्र दिसणारी ऊर्जा याच्या कैक पट चढते. बंध जास्त घट्ट झाले असा त्याचा अर्थ नाही. समतोलाच्या जवळ वेग शून्याकडे जातो, तापमान जरा वाढवलं की समतोल दूर सरकतो आणि वेग एकदम उसळी मारतो. ती उसळी अऱ्हेनियसच्या साच्यात कोंबली की असला आकडा निघतो.

झाकण ठेवून आणि न ठेवता असा एक जोड-प्रयोगही करा. झाकण काढल्यावर आमच्या काकांचा "वारो" आकड्यांत दिसतो.

पावसाळा

पुण्या-नागपूरच्या लेखांमध्ये हे कुणी लिहीत नाही, कारण त्यांना गरज पडत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कळीचा चुना काट्यावर ठेवला तर आकडा डोळ्यांदेखत वर चढताना दिसतो. हवेतलं पाणी घेऊन पूर्ण विरला तर त्याचं वजन ३२ टक्के वाढतं, आणि नंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा कार्बोनेटकडे निघतो. अर्धवट भाजलेला नमुना "उद्या पुढे करू" म्हणून उघडा ठेवलात, तर दुसऱ्या दिवशी ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान एक नवीच घट दिसेल. ती विरलेल्या चुन्याच्या पाण्याची असते. एका मुलीनं तिच्यावर तीन पानं लिहून आणली होती.

उपाय साधे आहेत. सिलिका जेल निळं आहे ना, हे रोज सकाळी बघा. गुलाबी झालं तर १२० अंशांवर तापवून पुन्हा निळं करा. क्रुसिबलला घट्ट बसणारं झाकण वजन करतानाच वापरा. काट्याच्या कप्प्यात सिलिका जेलची छोटी वाटी ठेवा. मिळतील तेवढी मोजमापं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. आणि फर्नेस चालू असताना लाईट गेली तर तो दिवसच रद्द करा. किती वेळ किती तापमान होतं याचा अंदाज बांधून तक्ता पूर्ण करू नका.

यंत्रावर पाठवायचं झालं तर

मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांमध्ये टीजीए (थर्मोग्रॅव्हिमेट्रिक ॲनालिसिस) यंत्र असतं, पैसे भरून नमुना मोजून मिळतो. यात वजनकाटा भट्टीला जोडलेला असतो आणि नमुना तापत असतानाच त्याचं वजन होतं. जपानच्या कोतारो होंडा यांनी १९१५ मध्ये असा काटा बनवून त्याला थर्मोबॅलन्स नाव दिलं. नमुना पाच-दहा मिलिग्रॅम पुरतो, त्यामुळे ढिगाचा त्रास बराच कमी होतो.

पाठवताना मुलं एकच ओळ लिहितात : "टीजीए करून द्या." मग दहा अंश प्रति मिनिट या एकाच वेगाचा आलेख येतो, त्यावर १९६४ ची कोट्स-रेडफर्न रीत लावतात, आणि वीस प्रारूपांपैकी (विघटन कसं पुढे सरकतं याच्या गणिती साच्यांपैकी) पंधरा "उत्तम" बसतात. प्रत्येकाची ऊर्जा वेगळी! एका तापन-वेगावरून प्रारूप आणि ऊर्जा दोन्ही एकदम ठरवता येत नाहीत, एकाची चूक दुसरा भरून काढतो. २००० साली आयसीटॅक या औष्णिक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रकल्पात कॅल्शियम कार्बोनेटची तीच मोजमापं वेगवेगळ्या अभ्यासकांना देऊन बघितली होती. एकाच तापन-वेगावर अवलंबून असलेल्या रीतींची उत्तरं विखुरली, अनेक वेग एकत्र घेणाऱ्यांची बरीच जवळ आली. संघटनेच्या २०११ च्या शिफारशींमध्ये तीन ते पाच वेगवेगळे तापन-कार्यक्रम घ्यायला सांगितलं आहे.

म्हणून चिठ्ठीत असं लिहा : नमुना अमुक मिलिग्रॅम, सर्व वेळा तेवढाच. झाकण नको. कोरडा नायट्रोजन, प्रवाहाचा वेग अमुक. तापन-वेग २, ५, १० आणि २० अंश प्रति मिनिट. सोबत रिकाम्या क्रुसिबलचाही एक आलेख. शेवटचं मागायला लाजू नका. तापल्यावर भोवतालचा वायू विरळ होतो, त्याची उचल कमी होते, आणि काहीही न घडता वजन किंचित वाढलेलं दिसतं. रिकाम्याचा आलेख वजा केला की ते जातं. तापमान कशानं तपासलं तेही विचारा. टीजीएमध्ये निकेलचं चुंबकत्व ३५५ अंशांच्या आसपास जातं, ते चुंबक ठेवून बघतात.

चार वेगांचे आलेख आले की १९५७ ची किसिंजरची रीत सगळ्यात चटकन होते. प्रत्येक वेगाला वजन सर्वांत जोरात घटतं ते केल्विन तापमान घ्या. तापन-वेगाला त्या तापमानाच्या वर्गानं भागून लॉग काढा, तो तापमानाच्या व्यस्तासमोर मांडा, चढ वर सांगितल्याप्रमाणे वापरा, फक्त इथे रेषा खाली उतरते. ही रीत अख्ख्या प्रक्रियेला एकच ऊर्जा देते, म्हणून तिच्यावर थांबू नका. फ्रीडमन किंवा ओझावाच्या रीतीनं अल्फागणिक ऊर्जा काढा. सोड्याला आपण ओव्हनमध्ये जे केलं, त्याचाच हा मोठा भाऊ.

प्रारूपाचा नंबर यानंतर. आलेखाचा आकार आधी डोळ्यांनी बघा. सुरुवातीलाच वेग जास्तीत जास्त आणि मग घटत जाणारा असेल तर सीमा आत सरकत असण्याची शक्यता, आकुंचणाऱ्या गोलाचं प्रारूप आधी तपासा. सुरुवातीला रेंगाळून मग धावणारा, इंग्रजी एस अक्षरासारखा असेल तर केंद्रकं, म्हणजे नव्या पदार्थाचे सुरुवातीचे ठिपके, तयार होऊन वाढताहेत. अव्रामीचं किंवा, १९४४ मध्ये पोटॅशियम परमँगनेटसाठी मांडलेलं, प्राउट आणि टॉम्पकिन्स यांचं प्रारूप बघा. रेषा ०.९९९ नं बसली एवढ्यावर यंत्रणा सिद्ध होत नाही. शक्य असेल तर अर्धवट भाजलेला कण मोडून भिंगाखाली बघा. आत पांढरट गाभा आणि बाहेर ठिसूळ कवच दिसलं, तर त्या एका दृश्याला दहा रेषांपेक्षा जास्त किंमत आहे.

हे जमलं की मुलं हमखास जांभ्याकडे वळतात, दारात पडलेला दगड म्हणून. कल्पना चांगली आहे. त्यातलं गोएथाइट हे लोहखनिज २५० ते ३५० अंशांच्या दरम्यान पाणी सोडून हेमेटाइट होतं, शुद्ध असेल तर १०.१ टक्के. पण जांभ्यात गिब्साइट आणि केओलिनाइट ही पाणी धरून ठेवणारी खनिजंही असतात, त्यांच्या घटी एकमेकींत घुसतात, आणि चिरा बदलला की प्रमाण बदलतं. तेव्हा एकाच चिऱ्याची पूड घ्या, एक्स-रे विवर्तन (एक्सआरडी) करून आत कुठली खनिजं आहेत ते आधी बघा, १०५ अंशांवर ओल काढून वजन लिहा, आणि चिरा पावसाआधी काढलेला की नंतरचा, तेही वहीत लिहून ठेवा.